रोलमधला बारावा फोटो

ही गोष्ट सांगायची मी पन्नासहून जास्त वर्षं टाळली. टाळण्याची माझी पद्धत सोपी होती. कोणी त्या फोटोबद्दल विचारलं की मी दुसऱ्या फोटोबद्दल सांगायचो. रत्नागिरीत चार दशकं फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाकडे दुसऱ्या गोष्टींचा तुटवडा नसतो. कुठल्या लग्नात नवरदेव मांडवातून पळाला, कुठल्या पुढाऱ्याच्या टकलावर मी पेन्सिलीने केस काढून दिले, हे सगळं मी रंगवून सांगत आलो. लोक हसायचे आणि मूळ प्रश्न विसरायचे. मीही विसरल्यासारखं करायचो.

आता वय सत्त्याहत्तर. गुडघे गेले, बायको गेली, स्टुडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलं. आणि येत्या रविवारी साठीच्या एका बाईंना स्टेजवर बोलावून माझ्या एका खोट्याखाली खुर्ची टाकून बसवणार आहेत. खोटं चांगलं पंधरा फूट बाय दहा आहे, फ्लेक्सवर छापून तयार आहे. तेव्हा आता सांगतो.

गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, ऐकू न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा होती, अजून आहे. आज पाटीवर 'कर्णबधिर' लिहिलंय. तेव्हा 'मूकबधिर' होतं आणि एसटीचे कंडक्टर "मुक्यांची शाळा, चला उतरा" म्हणून ओरडायचे. जांभ्या चिऱ्याची बैठी इमारत, भोवती काळा कातळ आणि व्हरांड्यात मुलांच्या डोक्यावर एक भलीमोठी पितळी घंटा. ती तिथे कशाला, असं मी एकदा चिटणीसांना विचारलं. चिटणीस पेशाने वकील होते. म्हणाले, "शाळा म्हटली की घंटा हवी." यापुढे युक्तिवाद नव्हता.

शाळेचा नियम असा की मुलांनी हातांनी बोलायचं नाही. हातांनी बोलू दिलं तर मूल तोंडाने बोलायला शिकणार नाही, असं तेव्हा शहाणे लोक मानत. म्हणून वर्गात कायम हाताची घडी. घडी सुटली की बोटांवर पट्टी. सुट्टीत मात्र विहिरीमागे सगळी मुलं अशी गप्पा मारायची की एखाद्या बाजाराचा आवाज कुणीतरी बंद करून ठेवलाय असं वाटावं. तिथे प्रत्येकाला खुणेचं नाव होतं. चिटणीसांचं नाव, पोटासमोरून हाताचा मोठा गोल. स्वयंपाकीणबाईंचं नाव, चिमटीत नाक. माझं नाव, डोक्यावर हात घेऊन ओणवं व्हायचं आणि ढुंगण मागे काढायचं. ग्रुप फोटोला मी वडिलांचा लाकडी कॅमेरा न्यायचो आणि काळ्या फडक्याखाली शिरायचो, तेव्हा मुलांना माझं तेवढंच दर्शन व्हायचं. नाव अचूक होतं, तक्रार करायला जागा नव्हती.

मला त्या शाळेचं काम मिळालं तेव्हा मी चोविशीचा होतो आणि हुशार समजला जात होतो. पहिली दोन वर्षं मी फोटो काढताना "एक, दोन, तीन" म्हणत होतो. मुलांचं लक्ष नाही असं बघून आणखी मोठ्याने म्हणत होतो. शेवटी शाळेच्या शिपायाने मला बाजूला घेतलं. "फोटोवाले, तुम्ही बोंबलताय ते कोणाला?" त्यानंतर मी रुमाल खाली टाकून इशारा करायला लागलो.

दर वर्षी दिवाळीआधी शाळेचा अहवाल निघायचा आणि मुंबईच्या देणगीदारांकडे जायचा. त्यातले फोटो मी काढायचो. ते फोटो आज इतिहास म्हणून जपून ठेवले आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल खरं काय ते लिहून ठेवतो. 'ग्रंथालयात रमलेले विद्यार्थी' या फोटोत मुलांच्या हातात आहेत ती चिटणीसांच्या घरची कायद्याची पुस्तकं. पुढच्या रांगेतला पोरगा गहाणखताचा कायदा वाचतो आहे, आणि तोही उलटा धरून. 'सुतारकाम वर्ग' मधली करवत फोटोपुरती शेजारच्या वाडीतून आणली होती. 'सकस आहार' मधली केळी फोटोनंतर परत गेली, ती पाहुण्यांसाठी होती. मुलांना त्या दिवशीही कुळथाची पिठी आणि भातच मिळाला. हे सगळं मीच मांडायचो. कुणाचा शर्ट कुणाला, कोण उजेडात, कोण मागे. मला वाटायचं मी चित्र सजवतोय.

त्या वर्षी चिटणीसांना वाचा-शिक्षणाचा फोटो हवा होता. "मूल बोलताना दिसलं पाहिजे," म्हणाले. बोलताना ऐकू येतं, दिसायचं कसं, हा प्रश्न मला पडला होता, पण वकिलाला प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं ते मी घंटेच्या वेळी पाहिलं होतं.

शिकवायची रीत अशी. मुलाचा एक तळवा बाईंच्या गळ्यावर, दुसरा स्वतःच्या गळ्यावर. बाई "आ" म्हणणार, गळ्यातली थरथर मुलाच्या तळव्याला कळणार, मग मुलाने तशीच थरथर आपल्या गळ्यात शोधायची. बाई नव्या होत्या, नोकरी कायम व्हायची होती. त्यांनी सात वर्षांची एक मुलगी पुढे बसवली. जूनमध्येच आली होती, जयगडची खाडी ओलांडून पलीकडच्या, हेदवीच्या बाजूच्या गावातली. वडील जहाजावर खलाशी, आई शेती बघणारी. गोल चेहरा, दोन वेण्या, आणि माझ्याकडे बघून लगेच माझं नाव घेणारी. म्हणजे ओणवी होणारी. बाईंनी पट्टी दाखवली तेव्हा कुठे सरळ बसली.

दुपारचं जेवण झालेलं. ऑक्टोबरचं ऊन कातळावरून परतून वर्गात येत होतं. वर्गात मी रोलचा लहान कॅमेरा वापरायचो, रोलमध्ये बारा फोटो असायचे. अकरा मी वाया घालवले. बाई "आ, आ" करून घशाला कोरड पाडून घेत होत्या आणि पोर तोंड मिटून माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होती. दीड तास. चिटणीस दोनदा डोकावून गेले. मी वैतागून कॅमेरा आवरायला घेतला, तेवढ्यात तिने जांभई दिली. साधीसुधी जांभई, पडजीभ दिसेल अशी, डोळे घट्ट मिटून, एक हात बाईंच्या गळ्यावर तसाच. रोलमध्ये एक फोटो उरला होता. गंमत म्हणून मी बटण दाबलं.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये हलवताना सगळ्यात आधी तिचं तोंडच वर आलं, काळं, गोल. मी एकटा खो खो हसलो. बाकीच्या फोटोंबरोबर तोही पाकिटात टाकला. चिटणीसही हसतील असं वाटलं.

चिटणीस हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले.

"हाच," ते म्हणाले. "बोलतेय बघा पोर! काय म्हणतेय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं.

"आई म्हणतेय," चिटणीसांनीच उत्तर दिलं.

"पण साहेब, डोळे मिटलेत तिचे," मी म्हणालो. माझा तेवढाच विरोध, नोंद असावी.

"भावना अनावर झाल्यावर मिटणार नाहीत तर काय?"

बाहेर व्हरांड्यात बाई हळूच मला म्हणाल्या, "डोळे मिटून जांभई देतात हो." मी म्हणालो, "मग सांगा ना आत जाऊन." त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा, तुमचा फोटो आहे." असं एकमेकांना पुढे करून आम्ही दोघं आपापल्या घरी गेलो. अहवालाच्या पहिल्या पानावर फोटो छापला. खाली ओळ होती, 'मुक्या ओठांवरचा पहिला शब्द: आई'. मी तो मुंबईच्या एका स्पर्धेला पाठवला. प्रमाणपत्र आलं. प्रमाणपत्र आणि फोटो दोन्ही मी स्टुडिओच्या काचेत लावले, रस्त्यावरून दिसतील असे. लोक थांबून बघायचे, बायका पदराने डोळे टिपायच्या. पुढच्याच आठवड्यात मी बोहारणीकडून एक कोट घेतला. कलावंताला कोट हवा, जशी शाळेला घंटा.

इथवरची गोष्ट मी विनोद म्हणून सांगू शकलो असतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका दुपारी तिची आई स्टुडिओत आली, म्हणून सांगू शकलो नाही.

मुलीला शाळेत पोचवून ती परस्पर आली होती. पहाटेच निघून, होडीने खाडी ओलांडून, मग एसटीने. लुगड्याच्या ओच्याला अजून ओल होती. हातात अहवालाचं पान, चार घड्या घातलेलं.

"ह्यो फोटो तुमीच काडलात काय?"

"होय."

"म्हंजे ती बोल्ली तवा तुमी थंयच होतात?"

"होतो ना. समोरच."

"तुमी कानान् ऐकलात?"

इथे थांबायला हवं होतं. एक शब्द बोलायचा होता. पण तिच्या मागे काचेत माझं प्रमाणपत्र होतं, आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तशी नजर मी आजवर फक्त देवळात, गाभाऱ्याकडे तोंड केलेल्या माणसांची पाहिली होती. अंगात कोट होता.

"ऐकलं," मी म्हणालो.

"कसा हाय वो आवाज?"

खोटं बोलणारा माणूस पहिल्या खोट्याला अडखळतो, दुसऱ्याला सुटतो. मी म्हणालो, "बारीक आहे. जरासा घोगरा. पण स्पष्ट."

"घोगरा!" ती एकदम हसली. "माज्या सासूवर गेलीय. मेली जिवंत असताना बोलून बोलून पिडायची, आता नातीत येऊन बसली." मग हसता हसताच ती बाकावर बसली. "पंदरा दिस घरी होती. रोज सांगत्येय, बोल गो, आई म्हण. तोंड मिटून बघत ऱ्हाते. तुमच्यापुढं बोल्ली, बाईंपुढं बोल्ली. माज्यापुढं नाय."

मी कोटाचं बटण लावलं.

"रुसलीय," ती म्हणाली. "हितं आणून टाकली म्हणून माज्यावर रुसलीय ती."

ती उठली, डोळे पुसले आणि निघाली. मी तिला थांबवलं. खरं सांगायला नाही. तो फोटो मोठा करून, पुठ्ठ्यावर चिकटवून मी तिला भेट दिला. त्यापेक्षा मोठं पाप मी आयुष्यात कुणाला फुकट दिलेलं नाही.

ती मुलगी आठ वर्षं शाळेत होती. दर वर्षी ग्रुप फोटोला ती मला बघून ओणवी व्हायची आणि मी फडक्याखाली जरा जास्तच वेळ राहायचो. मग ती शाळा सोडून गेली, पुढे मीही शाळेचं काम सोडलं, आणि काचेतला फोटो उन्हाने पिवळा पडत गेला.

गेल्या महिन्यात त्याच शाळेतल्या एक शिक्षिका घरी आल्या. पस्तिशीच्या असतील, चुणचुणीत. आता शाळेत मुलांना हातांनी बोलू देतात, त्या स्वतःही बोलता बोलता हात चालवतात. शाळेचा मोठा समारंभ आहे, जुन्या फोटोंचं प्रदर्शन आहे, तुमच्याकडच्या निगेटिव्ह द्या आणि स्मरणिकेसाठी आठवणी लिहा, असं म्हणाल्या. आम्ही बसून फोटोंच्या ओळी तपासल्या. करवत, केळी, गहाणखत, मी सगळं कबूल करत गेलो आणि त्या हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मग तो फोटो आला.

"ही जांभई आहे," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

"काका, तुम्ही पण ना!"

"खरंच सांगतो. पोर कंटाळली होती."

त्यांचे हात थांबले. "फ्लेक्स छापून झालाय हो. स्टेजच्या मागे लागणार आहे. आणि ही फोटोतली मुलगी आता साठीच्या बाई आहेत, त्यांचा स्टेजवर सत्कार आहे. पाहुणे ही गोष्ट सांगणार आहेत."

"मग तुम्ही सांगा त्यांना. तुम्हाला हातांनी सांगता येतं."

"मी?" त्या म्हणाल्या. "फोटो तुमचा आहे काका. जांभई पण तुमचीच."

पन्नास वर्षांपूर्वी व्हरांड्यात ऐकलेलं वाक्यच मला परत मिळालं.

त्या फोटोची एक नवी प्रत काढून घेतली. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने माफी लिहिली, शाळेत शिकलेल्या माणसाला वाचता येईल अशा सोप्या वाक्यांत, मोठ्या अक्षरात. पाचव्या प्रयत्नाला जमली. आणि गेल्या मंगळवारी जयगडला जाऊन फेरीबोटीत बसलो. आता खाडीवरून मोटारीसुद्धा बसून जातात. तिच्या आईने किती तास काढले असतील ते अंतर मी वीस मिनिटांत, वाऱ्यावर बसून, शेंगदाणे खात ओलांडलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. "फोटोतल्या आत्या काय? त्या माडांच्या मागं." ती भावाच्या कुटुंबाबरोबर राहते, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. पडवीत मशीनवर बसली होती. केस पांढरे, चेहरा तसाच गोल. मी पायरीवर उभा राहिलो. तिने चष्मा वर केला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि मशीनवरून उठून, डोक्यावर हात घेऊन, साठीच्या कमरेला झेपेल तेवढी ओणवी झाली.

"अगो बाई, काय करतेस! पाव्हणे आलेत!" तिची भावजय आतून धावली.

"माझं नाव घेतायत त्या," मी म्हणालो.

आतल्या भिंतीवर दोन फ्रेम होत्या. एक तिच्या आईची, हार घातलेली. शेजारी माझा फोटो, पुठ्ठ्याला वाळवी लागलेला. भावजय सांगायला लागली. सासूबाईंनी जन्मभर तो फोटो पुसला. सणासुदीला मुलीला त्याच्यापुढे बसवायच्या, बोल गो म्हणायच्या. गावात कोणी मुकी म्हटलं की अंगावर जायच्या. "माजी पोर बोललीय एकदा. फोटोवाल्यांनी ऐकलाय तिचा आवाज, घोगरा हाय."

"आणि शेवटी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"शेवटी काय, हिची हनुवटी धरून म्हणाल्या, तुझा रुसवा काय गेला नाय गो." भावजयीने पदर सारखा केला. "बसा, चहा टाकत्ये."

ती आत गेली. पडवीत आम्ही दोघंच उरलो. मी पिशवीत हात घातला, फोटो बोटांना लागला. पण तेवढ्यात ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं, मग स्वतःकडे. मग तिने एक तळवा आपल्या गळ्यावर ठेवला, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं. पडजीभ दिसेपर्यंत. हुबेहूब. आवाज आला नाही, नुसती हवा आली. डोळे उघडून तिने माझ्याकडे बघितलं आणि हाताने विचारलं, जे कुणालाही कळलं असतं: चुकतंय कुठे?

ती जन्मभर माझ्या फोटोवरून जांभई शिकत होती.

मग तिने दुसरा तळवा पुढे केला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. वर्गात बाईंच्या गळ्यावर ठेवायची तसा. शिवणकामाने खरबरीत झालेला हात, आणि हनुवटीने खूण: म्हणा.

"आई," मी म्हणालो. तिने मान हलवली, पुन्हा. "आई." पुन्हा. आणि मग माझ्या तोंडून बाकीचं सगळं आलं. ती जांभई होती, तुमच्या आईला मी खोटं सांगितलं, माफ करा, सगळं, मोठमोठ्याने, त्या बहिऱ्या बाईपुढे. तिला ऐकू येत नाही म्हणून आणखी मोठ्याने. चोविसाव्या वर्षी जी चूक केली तीच सत्त्याहत्तराव्या वर्षी. माझा गळा थरथरत होता आणि तिचा तळवा ती थरथर मन लावून टिपत होता, जणू धड्यात एवढा वेळ राहिलेलं अक्षर हेच. तिचा चेहरा उजळत गेला.

भावजय कप घेऊन आली. तिच्या नणंदेने भराभरा हात करून तिला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतेय, आता कळला कसा म्हणायचा तो." भावजय हसली. "काय शिकवलात वो?"

मी चहा प्यायलो. साखर जास्त होती, तसं म्हणालो. निघताना ती पायरीपर्यंत आली, एक हात गळ्यावर ठेवूनच. माझे गुडघे कमकुवत आहेत असं मी सगळ्यांना सांगतो. कण्याचं दुखणं त्याहून जुनं आहे.

फोटो अजून पिशवीत आहे. स्मरणिकावाले हा मजकूर छापतील असं वाटत नाही. छापलाच तर त्या शिक्षिकाबाईंनी आपल्या हातांनी तो तिला सांगावा, एवढी विनंती. फोटोच्या मागे लिहिलेलं असं आहे:

ताई, त्या दिवशी तुम्ही आई म्हणाला नव्हता. तुम्हाला जांभई आली होती. तुम्ही जेवला होता आणि मी तुम्हाला दीड तास उकाड्यात बसवलं होतं. तुमच्या आईने मला विचारलं, तेव्हा मी ऐकलं म्हणून सांगितलं. मी काहीच ऐकलं नव्हतं. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही त्यांच्यावर कधीच रुसला नव्हता. हे मला त्यांना सांगायचं होतं. मला माफ करा.